आमवात : घरगुती व्यायाम

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हा विकार जडलेल्यांनी घरच्या घरी, फारशा साधनांशिवाय करावयाच्या सौम्य हालचालींचा येथे विचार केला आहे. सांधे आखडू न देणे, भोवतालच्या स्नायूंचे बळ राखणे आणि सकाळचा ताठरपणा सैल करणे हे या व्यायामाचे हेतू. शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असल्याने मूळ दाहासाठी औषधे घ्यावीच लागतात.

बोलीभाषेत झिजलेल्या गुडघ्यापासून आमवातापर्यंत सर्वांना ‘संधिवात’ म्हणतात. आमवाताचे स्वतंत्र प्रकरण प्रथम माधवकर या वैद्याच्या माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथात आढळते. त्याचा काळ कोणी सातव्या, तर कोणी आठव्या शतकात धरतात. ग्रंथाचे अरबी भाषांतर बगदादचा खलीफा हारून अल् रशीद (राज्यकाळ ७८६–८०९) याच्या सुमारास झाल्याचे मानले जात असल्याने ग्रंथाचा काळ त्याहून अलीकडे आणणे कठीण. हात, पाय, घोटे, गुडघे यांची सूज आणि विंचवांनी डसल्यासारखी वेदना हे त्यातील वर्णन आजच्या विकाराशी बरेच जुळते. मात्र सोबतच्या ज्वरामुळे काही अभ्यासक त्यात ऱ्हुमॅटिक ज्वर (घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणारा, सांधे सुजवणारा ताप) पाहतात. एकाच संज्ञेखाली अनेक विकार आले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाश्चात्त्य वैद्यकात फ्रेंच डॉक्टर लांद्रे-बोव्हे यांनी १८०० मध्ये या विकाराचे वर्णन केले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे प्रचलित नाव इंग्रज डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये दिले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अंथरुणात विश्रांती हाच मुख्य सल्ला असे. तरीही फ्रेंच चित्रकार रन्वार (१८४१–१९१९) याने बोटे आखडत असतानाही रोज सकाळी तीन लहान चेंडू झेलण्याचा सराव ठेवला होता, असे त्याच्या मुलाच्या आठवणींत आहे. पुढे ब्रिटनमधील ‘सारा’ चाचणीत ४९० रुग्ण सहभागी झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हातांचे व्यायाम शिकवलेल्या गटाचे हात वर्षभरानंतर अधिक कामाचे राहिले. वेदनेत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे व्यायामाने दुखणे हटले नाही, पण हाताचे बळही हरपले नाही. दुखरा सांधा हलवला की झिजतो, ही घरोघरची भीती म्हणूनच सोडायला हवी.

हाताच्या व्यायामाआधी पंजे काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. मग पंजा टेबलावर उपडा ठेवून तर्जनीपासून एकेक बोट उचलून अंगठ्याकडे सरकवावे. या विकारात बोटे करंगळीच्या बाजूला कलतात, म्हणून दिशा उलटी करू नये. पुढे बोटे सरळ, मग आकड्यासारखी वाकवून, मग अलगद मूठ, असा क्रम करावा. बळासाठी मऊ कणकेचा गोळा दाबता येतो. ओले कपडे पिळणे मात्र टाळावे, कारण त्या पिळाने बोटांवर नेमका चुकीच्या बाजूने ताण येतो. गुडघ्यासाठी पाय सरळ ठेवून खाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी, ती दाबत मांडी ताठ करावी व पाच आकडे मोजावेत. व्यायाम संपला की गुंडाळी काढावी. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्याने बरे वाटते, पण सांधा वाकलेल्या स्थितीतच आखडू लागतो. खांदा व पाऊल यांचे व्यायाम सामान्य व्यायामासारखेच.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवसांत बळाचे व्यायाम थांबवावेत, पण दिवसातून एकदोनदा हलकेच हालचाल करीत राहावे. व्यायामानंतरची वाढलेली वेदना दोन तासांहून जास्त टिकली, तर पुढच्या वेळी आवर्तने कमी करावीत. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा या विकारात सैल होऊ शकतो. त्यामुळे शीर्षासन, सर्वांगासन, हलासन किंवा मानेला झटका देणारे काहीही करू नये. मान दुखून हातापायांना मुंग्या येत असतील, तर व्यायाम थांबवून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.