अक्षर पुरुषी, चित्र बायकी?

अक्षरलिपी (ध्वनीगणिक एक खूण, जशी एबीसी) आली आणि देवींची पूजा मागे पडली. वाचनाने डावा, 'पुरुषी' मेंदू बळावला. आता चित्रं-पडद्यांमुळे उजवा, 'बायकी' मेंदू परतेल आणि बायकांचे दिवस येतील. अमेरिकी सर्जन लिओनार्ड श्लेन यांच्या १९९८च्या पुस्तकाने लोकप्रिय केलेली ही मांडणी अजून फिरते आहे. ऐकायला झकास, पण पायाच कच्चा.

वाचताना मेंदूचे दोन्ही अर्धगोल काम करतात. भाषेचा भार बहुतेकांत डावीकडे असतो, पण बायकांतही तो डावीकडेच असतो!

इतिहासही साथ देत नाही. सुमेरमध्ये (प्राचीन दक्षिण इराक) लेखनाची देवता निसाबा, इजिप्तमध्ये सेशात, दोघी देवीच. नावानिशी ज्ञात असलेली सर्वांत जुनी साहित्यिक म्हणून सुमेरमधल्या ज्या एनहेदुआनाकडे बोट दाखवतात, ती बाई. यावर 'सुमेरची लिपी अक्षरलिपी नव्हे, कीलाकार (खिळ्यांच्या आकाराच्या खुणांची) लिपी' असा बचाव होतो. मग जपानची काना घ्या. उच्चारांवर चालणारी ही लिपी 'बायकांचं वळण' म्हणून ओळखली जाई आणि मुरासाकी शिकिबू या लेखिकेने सुमारे हजार वर्षांपूर्वी तिच्यातच आपली अजरामर कादंबरी लिहिली.

फरक पाडला तो कुणाला काय शिकू दिलं याने. स्वीडनच्या १६८६च्या चर्च कायद्याने मुलींनाही वाचायला लावलं, लिहिण्याची सक्ती मात्र नव्हती. युरोपात अनेक बायका वाचत, पण सही करता येत नसे. सह्या मोजून साक्षरता ठरवली की त्या निरक्षरांत जमा होतात.

राहिला पडदा. कॅमेरा कुणाच्या हाती आणि त्याच्यासमोर कोण, हे आधी विचारा.