एसटीमागचा पाचोळा आणि इलेक्ट्रिक ट्रकचा ट्रेलर

देवगडचे आमचे एक आंबा बागायतदार स्नेही इलेक्ट्रिक पिकअप घ्यायच्या विचारात आहेत. मागे ट्रेलर जोडायचा, पेट्या भरायच्या आणि करूळ घाट चढून थेट कोल्हापूरचं मार्केट गाठायचं. यावरून घरात दोन तट पडलेत. मुलगा फोनवर २०१९ चा व्हिडिओ दाखवतो: फोर्डचा इलेक्ट्रिक ट्रक रेल्वेचे १० दुमजली डबे ओढतोय, आत आणखी ४२ ट्रक भरलेले. वडील म्हणतात, "ट्रेलर लावल्यार घाटात बसतली ती!"

दोघंही वजनाचाच विचार करताहेत. मला सांगायचंय ते हवेबद्दल.

आधी तो व्हिडिओ. सपाट रुळावर लोखंडी चाक फिरवत ठेवायला टनामागे जेमतेम दोन किलोचा जोर लागतो. म्हणजे साडेपाचशे टनांच्या त्या गाडीला साधारण एक टनाचा. शिवाय वेग अगदी कमी आणि अंतर काहीशे मीटर. मोटरची ताकद त्यात दिसते, रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जिंगवर गाडी किती किलोमीटर जाईल याबद्दल, काहीच कळत नाही. (रबरी टायरला टनामागे सुमारे दहा किलो लागतात. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्याला नेते, त्याचा फायदा इथेच आहे.)

आता हवा. पिकअपचा दर्शनी भाग तीन चौरस मीटर धरा. एक किलोमीटर जाताना तिच्या वाटेत तीन हजार घनमीटर हवा येते. तिचं वजन होतं साडेतीन टन! ही हवा बाजूला सारावीच लागते. वेग दुप्पट केला तरी किलोमीटरमागे हवा तेवढीच, पण तिला बसणारा धक्का दुप्पट वेगाचा, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून चौपट.

पण पुढचा धक्का ही अर्धीच गोष्ट. एसटी धुरळा उडवत गेली की पाचोळा तिच्या मागे धावत सुटतो, पाहिलंय ना? लाल मातीच्या रस्त्यावरून आलेल्या टेम्पोची मागची फळी बघा. समोरची काच बरी असते, मागे मात्र बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. गाडी पुढे सरकली की मागे रिकामी झालेली जागा भरायला हवेला वेळ पुरत नाही. तिथे दाब कमी होतो, हवा भोवऱ्यासारखी गरगरत आत वळते आणि धूळ फळीवर आपटते. पुढे जास्त दाब, मागे कमी, म्हणजे गाडी सतत मागे खेचली जाते. त्या भोवऱ्यांना फिरवणारी ऊर्जा बॅटरीतूनच जाते आणि शेवटी हवा किंचित गरम करून संपते. बांगडा हातात घेऊन पाहा: पोटाशी जाड, शेपटीकडे निमुळता. त्याच्यामागे पाणी हळूहळू मिटतं. चौकोनी ट्रेलरमागे हवा मिटत नाही, फाटते. ट्रक आणि ट्रेलरमधल्या फटीत आणखी एक भोवरा तयार होतो तो वेगळाच.

हिशेब मांडू. पेट्यांसकट पिकअप अडीच टन, भरलेला ट्रेलर दीड टन, बॅटरी ६० युनिटची. (युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच.) ट्रेलर केबिनपेक्षा उंच आणि पेटीसारखा असेल तर हवेचा अडथळा दुप्पट धरायला हरकत नाही. ताशी ८० ला सपाटीवर रेंज येते सुमारे १७० किलोमीटर. ट्रेलर नसता तर तीनशेच्या वर. तोच ट्रेलर ताशी ५० ने नेला तर २८०. वजन एक किलोसुद्धा कमी केलेलं नाही! म्हणून पेट्या केबिनच्या वर रचू नयेत आणि ताडपत्री ताणून बांधावी. ती फडफडते तेव्हा बॅटरीच खात असते.

ट्रेलरच्या चाकाला डायनॅमो लावा, टपावर पवनचक्की बसवा, चालता चालता चार्जिंग होईल, असे संदेश मला दर आठवड्याला येतात. सपाटीवर डायनॅमो फिरवणारा जोर मोटरच देते, आणि दिलेल्यापेक्षा कमीच परत येतं. असं काही विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि घाट? एक टन वजन ३६७ मीटर वर न्यायला बरोबर एक युनिट लागतं. चार टन, चढ सुमारे सहाशे मीटर, म्हणजे साडेसहा. मोटरमधली गळती धरून साडेसात. बॅटरीचा आठवा हिस्सा. गाडी बसत नाही. उलट उतरताना मोटर जनरेटर होते आणि निम्म्याहून थोडं जास्त परत देते. हवेला दिलेलं कधीच परत येत नाही. आंबे मात्र घाटावरच राहतात, त्यांना चढवायला लागलेलं दीड युनिटही तिथेच गेलं.

चार्जिंगला घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिट, म्हणजे वीस तास. ६० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के पाऊण तासात. पुढे वेग पडतो, कारण लिथियमच्या आयनांना ग्राफाइटच्या थरांत जागा शोधावी लागते. गणपतीच्या एसटीत शेवटच्या दहा जणांना चढायला लागतो तसा वेळ. घाई केली तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते. त्या पाऊण तासात मिळतात ट्रेलरसह ताशी ८० ने १२० किलोमीटर. बहुतेक चार्जरसमोर ट्रेलरला जागाच नसते, तो सोडून पुन्हा जोडायचा वेळ वेगळा धरा.

परतताना घाटमाथ्यावर गगनबावड्याला बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेली बॅटरी उताराची वीज घेऊ शकत नाही, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. दहा टक्के जागा ठेवा. खाली वैभववाडीत थांबलात तर चाकांजवळ हात न्या, लावू मात्र नका. पिकअपची चाकं कोमट असतील. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर त्याची चाकं तापलेली लागतील आणि ब्रेकच्या लायनरचा वास येईल. त्याला मोटर नाही, त्याच्या वाट्याचा उतार तिथे उष्णता होऊन गेलेला असतो.