कांद्याची सालं आणि शेजाऱ्याचं ताट

बाराव्या शतकातला एक फ्रेंच मठ. सगळे मठवासी जेवायला बसलेत. त्यातल्या एकाचं लक्ष स्वतःच्या ताटात नाहीच. तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजाऱ्यांची ताटं बघतोय. कोणी आपल्याहून कमी जेवताना दिसला की याच्या पोटात खड्डा पडतो, आणि तो पुढ्यातलं अजून थोडं बाजूला सारतो. भुकेची त्याला फिकीर नाही. उपासात कोणी आपल्याला मागं टाकलं, हे मात्र सोसवत नाही. हाच माणूस रात्री अंथरुणात टक्क जागा असतो आणि सगळ्यांबरोबरच्या प्रार्थनेत पेंगतो. मंडळी उठून गेली की मग एकटा मागं राहून उसासे टाकतो, तेही बाहेरच्यांना ऐकू जातील एवढे.

हे चित्र क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड यानं साधारण ११२५ साली एका पुस्तकात रेखाटलं. त्याच्या सहाशे वर्षं आधी इटलीत संत बेनेडिक्टनं मठांसाठी नियमावली लिहिली होती. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. बर्नार्डनं त्याच जिन्यावरून खाली उतरायचं ठरवलं आणि गर्वाच्या बारा पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी कोणती? कुतूहल. भिरभिरणारे डोळे, दुसऱ्याच्या घरात डोकावणारे. ताटं बघणारा आपला गडी पाचव्या पायरीवर आहे. बढाई मारणारा त्याच्या आधीच, चौथ्या पायरीवर येऊन जातो. म्हणजे बर्नार्डच्या हिशेबात तोंडानं फुशारकी मारणारा या गुपचूप उपाशी राहणाऱ्यापेक्षा बरा. आणि पुस्तकाच्या शेवटी बर्नार्ड मिस्कीलपणे कबूल करतो की चढण्यापेक्षा उतरण्याचीच माहिती आपल्याला जास्त आहे.

ख्रिस्ती परंपरेत गर्वावर ढीगभर लिहिलं गेलंय, आणि त्यातलं बरंचसं या एकाच अडचणीभोवती फिरतं: हा दोष चांगुलपणाच्या पोटात वाढतो. खादाडपणा दिसतो, राग ऐकू येतो. गर्व मात्र उपासात, दानात, प्रार्थनेत बेमालूम मिसळून जातो. येशूच्या दाखल्यातला परूशी, म्हणजे एका कर्मठ यहुदी पंथाचा माणूस, मंदिरात खोटं काहीच बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो, हे सगळं खरंच आहे. फक्त हे सांगताना त्याची नजर मागं उभ्या असलेल्या जकातदाराकडे आहे.

ज्या ग्रीक-रोमन जगात हा विचार रुजला, तिथं नम्रता हा गुण मानलाच जात नव्हता. लॅटिनमधला ‘हुमिलिस’ हा शब्द मातीवरून आलेला. जमिनीलगतचा, हलक्या कुळातला असा त्याचा अर्थ. कोणाला तसं म्हणणं म्हणजे त्याचा पाणउतारा करणं. ॲरिस्टॉटलचा आदर्श पुरुष आपली थोरवी ओळखून असतो आणि तिला साजेसा मान घेतो. अशा जगात पहिल्या शतकाच्या मध्यावर पौल हा ख्रिस्ती प्रचारक फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, की ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभावरचं मरण पत्करलं. वधस्तंभ ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. योहानाच्या शुभवर्तमानात तर गुरू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी पाय मागं घेतो, हे मला त्या प्रसंगातलं सगळ्यात खरं वाटतं. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाकडून सेवा करून घेतानाही गर्व दुखावतोच.

गर्वाची बारीक चिरफाड झाली ती चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटात. एव्हाग्रियस हा कॉन्स्टँटिनोपलमधला नावाजलेला धर्मपंडित. एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतला, शहर सोडून पळाला, जेरुसलेममार्गे वाळवंटातल्या तापसांमध्ये येऊन राहिला आणि ३९९ साली तिथंच वारला. माणसाला छळणारे आठ विचार त्यानं नोंदवून ठेवले. शेवटचे दोन म्हणजे लौकिकाची हाव आणि गर्व. दोन्ही वेगळे. पहिल्याला लोकांची वाहवा हवी असते. दुसरा म्हणतो, मी जे काही केलं ते माझ्याच बळावर, त्यात देवाचा काय संबंध? एव्हाग्रियसची एक तक्रार आजही पटते: लौकिकाची हाव मारायला जावं, तर ती मारल्याचाच लौकिक हवासा वाटू लागतो.

त्याची शिकवण लॅटिन जगात नेली जॉन कॅसियननं. यानंही इजिप्तचे मठ पालथे घातले होते. पुढं मार्सेयला मठ काढले. त्यानं वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांची एक उपमा जपून ठेवली आहे. ही हाव कांद्यासारखी असते, एक साल काढावी तर खाली दुसरी तयार. चांगले कपडे सोडले तर फाटक्या कपड्यांचा तोरा येतो. बोलणं सोडलं तर मौनाचा.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनं या यादीची फेरमांडणी केली. गर्वाला त्यानं यादीतून बाहेर काढून सगळ्या पापांची राणी केलं आणि उरलेली सात तिची सेना ठरवली. पुढं हीच यादी थोड्याफार फरकानं सात महापापं म्हणून जगभर गेली. याच ग्रेगरीचा कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षाशी पदवीवरून वाद झाला. त्यांनी जागतिक अधिकार सुचवणारी भारदस्त बिरुदावली घेतली होती. ग्रेगरी स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवू लागला. आज ती पोपच्या अधिकृत उपाध्यांपैकी एक आहे. कांद्याचं अजून एक साल, असं कोणी म्हटलं तर फार चूक नाही.

जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं सोळाव्या शतकात हाच धागा टोकाला नेला. माणूस स्वतःच्या पुण्यावर विसंबतो तेव्हाच देवापासून सगळ्यात दूर असतो, असं त्याचं म्हणणं.

मराठीत हा विषय आला तो ओवीतून. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं; गर्वापायी स्वर्गातून पडलेल्या देवदूतांची कथा त्यात आहे. शब्दांची मात्र मराठीत पंचाईत होती. ‘अभिमान’ आपल्याकडे निम्मा सद्गुणच, ‘स्वाभिमान’ तर पूर्णच. म्हणून बायबलच्या भाषांतरांनी निंदेसाठी ‘गर्व’ धरला आणि उलट बाजूला वारकऱ्यांच्या ओळखीचा ‘लीन’ घेतला: ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे’. (हल्ली हिंदीच्या वाऱ्यानं मराठीतही लोक ‘गर्व आहे’ म्हणून छाती फुगवतात, तेव्हा चर्चमधल्या उपदेशकाची गोची होत असणार.) तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन कवीला लीनतेचा अर्थ परक्या मिशनऱ्यांकडून शिकायची गरज नव्हती. उलट मिशनऱ्यांनी धनीपणा सोडून भावासारखं वागावं, हे त्यांनाच सांगावं लागलं. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली.

पण घरातली लढाई जास्त बोलकी आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक-पाणी निराळं. जातीचा हा ताठा पुढं त्यांचा त्यांनीच उतरवला, कोणाच्या प्रवचनानं नव्हे. माणसं देवानं केली, मग जाती कोणी केल्या, असा साधा प्रश्न स्वतःला विचारून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या हे सांगतात तेही स्वतःवर हसत हसत, आणि नवऱ्याच्या तापटपणावर पांघरूण न घालता. नम्रतेवर एकही धडा न देणारं हे पुस्तक मला त्या विषयावरच्या कित्येक ग्रंथांपेक्षा उपयोगी वाटतं.

विसाव्या शतकात या सगळ्या परंपरेलाच एक अवघड प्रश्न विचारला गेला. गर्वाविरुद्ध लिहिणारे बहुतेक सगळे पुरुष, आणि त्यातही अधिकारपदावरचे. १९६० साली अमेरिकेत धर्मशास्त्राच्या अभ्यासक व्हॅलरी सेव्हिंग यांनी लिहिलं, की स्त्रियांचं दुखणं बहुधा उलटं असतं. त्या स्वतःला पुसूनच टाकतात. त्यांना आणखी नम्र व्हा म्हणणं हे औषध नव्हे. आपल्याकडे तर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकूनच चालावं लागलं, असे कितीतरी लोक ख्रिस्ती झाले. त्यांच्यापुढं लीनतेचा उपदेश करायचा कोणी, आणि कोणत्या तोंडानं?

याला उत्तर एका मराठी माणसानंच दिलं. अरविंद निर्मळ, कवी आणि धर्मशास्त्राचे अध्यापक. बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ साली त्यांनी केलेल्या भाषणापासून भारतातल्या दलित ख्रिस्ती धर्मविचाराची सुरुवात मानली जाते. दलितांचा देव हा सेवक देव आहे, असं त्यांनी मांडलं. म्हणजे सेवा करणाऱ्याला आणखी खाली वाका म्हणून सांगणारा नव्हे, तर धोब्याचं आणि झाडूवाल्याचं काम स्वतःच्या हातांनी करणारा देव. कमरेला रुमाल बांधलेला.