मांडवीच्या मुखाशी होडी का आदळते?

आग्वाद किल्ल्याच्या बाहेर समुद्र बरा, पणजीसमोर मांडवी नदी शांत, आणि मधल्याच पट्ट्यात होडी दणादण आदळू लागते. हौशी नाविकाला गोव्यातला एक मोठा धोका इथेच आहे. तो कधी येणार हे घड्याळ बघून सांगता येतं, म्हणून तो टाळताही येतो.

लाट आत येत असते आणि ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं. समोरून प्रवाह आला की लाटेचा वेग पडतो, मागच्या लाटा पुढच्यांना भिडतात, लांबी घटते, उंची वाढते. वाऱ्याने उठलेली ३ सेकंदांची लाट खोल पाण्यात सेकंदाला सुमारे ४.७ मीटर जाते. उलट प्रवाह याच्या चौथ्या हिश्श्याला, म्हणजे १.२ मीटरला पोचला, की ती पुढे सरकूच शकत नाही. तिथल्या तिथे उभी राहून फुटते. दुरून येणारी लांब लाट अशी अडत नाही, पण तिला मुखावरचा वाळूचा दांडा गाठतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट कोसळते. दीड मीटरची लाट दोन मीटरच्या आसपास पाण्यात फुटते. पावसाळ्यात हे मुख जहाजांना बंद होतं, त्याचं कारणही हेच.

आता घड्याळ. भरती पूर्ण झाल्यापासून सुकतीपर्यंत (पाणी सगळ्यात खाली जाईपर्यंत) सव्वासहा तासांच्या आसपास जातात, आणि त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ अर्धं पाणी निघून जातं. (हा ढोबळ हिशोब; गोव्यात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात.) भरती दुपारी १ ला पूर्ण झाली, तर ३ ते ५ प्रवाहाचा जोर. उन्हाळ्यात वायव्येचा खारा वाराही त्याच वेळी भरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर या वेळात मुख ओलांडूच नये. मुरगावच्या भरती-ओहोटीचं कोष्टक बघून परतीची वेळ आधी ठरवावी, निघायची नंतर. चढत्या भरतीचा शेवटचा दीड तास सगळ्यात चांगला.

बाहेर जाण्यापेक्षा आत येणं अवघड. लाट मागून होडी उचलते, नाळ (होडीचं पुढचं टोक) पुढच्या खळग्यात रुतते, इंजिनाचा पंखा हवेत फिरतो आणि सुकाणू लागेनासं होतं. मग होडी आडवी वळते आणि मागून येणारी लाट तिला उलटवते. म्हणून दांड्याबाहेर थांबून काही मिनिटं लाटा बघाव्यात. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, त्यानंतर जरा उसंत मिळते. लाइफ जॅकेट सर्वांच्या अंगात, पट्टे आवळलेले. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. माणसं खाली, मध्यापासून जरा मागे बसवावीत. किल स्विचची (ओढला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी चालकाच्या मनगटाला. मग एका लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने आत यायचं. तिचा माथा ओलांडायचा नाही, आणि मागच्या लाटेच्या हाती सापडायचंही नाही.

आग्वादजवळच्या सिंकेरी किनाऱ्यासमोर डॉल्फिन दिसला की सगळे एकाच कडेला धावतात. उभ्या माणसांमुळे गुरुत्वमध्य वर गेलेला असतोच, त्यात वजन बाजूला. अशा वेळी छोटी लाटही पुरते. उभं राहायचं नाही हे धक्क्यावरच बजावावं.

मुखाशी इंजिन बंद पडलं तर पहिलं काम नांगर, दुरुस्ती नंतर. सेकंदाला एक मीटरचा प्रवाह होडीला आठ मिनिटांत अर्धा किलोमीटर, म्हणजे थेट फुटणाऱ्या लाटांत नेतो. दोर खोलीच्या किमान पाचपट सोडावा. ५ मीटर पाण्यात २५ मीटर, लाटा असतील तर ३५. तो बांधायचा नाळेलाच. मागे बांधला तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेला भाग ओढला जाऊन तिथूनच पाणी आत येतं. नांगर धरला की व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या फोन नंबरवर कळवावं: आधी जागा, मग माणसं किती.