शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर दिसत नाही तेव्हा

दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडलेले, दोन्हीवर इंटरनेट चालू, फोल्डर रीतसर शेअर केलेला. तरी विंडोजमध्ये ‘नेटवर्क’ उघडलं की तिथल्या यादीत आपल्याच कॉम्प्युटरचं नाव एकटं. मग बहुतेक जण राउटर बंद-चालू करतात, दोन्ही कॉम्प्युटर बंद-चालू करतात, वैतागून बाहेरून येणारे संदेश अडवणारी फायरवॉलच काढून टाकतात आणि शेवटी पेन ड्राइव्ह शोधायला लागतात.

ही सगळी धावपळ होते ती त्या यादीवर विसंबल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. यादीत नाव दिसणं ही एक गोष्ट आणि त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येणं ही दुसरी. ही दोन कामं वेगवेगळे प्रोग्रॅम करतात आणि एकाचं बिघडलं म्हणून दुसऱ्याचं अडत नाही. यादी रिकामी असतानाही फोल्डर बिनबोभाट उघडू शकतो. उलट, यादीत नाव असलेला कॉम्प्युटर प्रत्यक्षात बंद असू शकतो.

हे असं का, ते कळायला ही यादी कशी बनते ते पाहावं लागेल. घरच्या नेटवर्कवर हजेरी घेणारा मुख्य सर्व्हर नसतो. मग कोण कोण हजर आहे याची नोंद ठेवायची कुणी? विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांनी यावर चक्क निवडणुकीचा तोडगा काढला होता. प्रत्येक कॉम्प्युटर आपली पात्रता सगळ्यांना कळवायचा, म्हणजे त्याच्यावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे, तो किती वेळ चालू आहे, वगैरे. त्यात सरस ठरेल तो ‘मास्टर ब्राउझर’, आणि यादी सांभाळायची त्याने. बाकीचे साधारण दर १२ मिनिटांनी त्याच्याकडे हजेरी लावायचे. लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कमी व्हायचं. म्हणजे वीज जाऊन अचानक बंद पडलेला कॉम्प्युटर त्यानंतरही ३६ मिनिटांपर्यंत यादीत राहायचा, आणि त्याच्यावर क्लिक करणारा माणूस गोंधळून जायचा.

ही निवडणूक-पद्धत विंडोजमध्ये ज्या भाषेच्या आधाराने चालायची ती म्हणजे एसएमबी, अर्थात सर्व्हर मेसेज ब्लॉक. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवलेली ही भाषा फाइल मागायला आणि द्यायला आजही वापरली जाते. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९१-९२च्या सुमारास तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून ही भाषा बोलणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्याच्या नावासाठी त्याने शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून ‘सांबा’ हे नाव मिळालं. लिनक्स ही दुसरी संगणक-प्रणाली आणि विंडोज एकमेकांना फाइली देऊ शकतात ते या कामामुळे. नेटवर्कला जोडायच्या कितीतरी हार्ड डिस्कच्या पेट्यांच्या आतही सांबाच चालतं.

मे २०१७ मध्ये एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम सुमारे १५० देशांत पसरला. त्रुटी बुजवणारं अपडेट मार्चमध्येच निघालं होतं, पण असंख्य कॉम्प्युटरवर ते बसवलेलं नव्हतं. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकलं की एसएमबीची पहिली आवृत्ती त्यात नसते किंवा टिकत नाही. ती गेली आणि तिच्या आधाराने चालणारी यादीही गेली. आता कॉम्प्युटर वेगळ्या पद्धतीने, ३७०२ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे संदेशांच्या ये-जा करण्यासाठीचं क्रमांक दिलेलं दार), ‘मी आलोय’ असं सगळ्यांना ओरडून सांगतो. ही नवी हाक ज्या जुन्या उपकरणांना मारता येत नाही ती यादीत येत नाहीत. ती चालू असतात, फाइली द्यायला तयारही असतात, नुसती दिसत नाहीत.

यावर पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. नाव दिसावं एवढ्यासाठी तो धोका पत्करू नये, असं मी मनापासून सांगेन. त्यापेक्षा त्या कॉम्प्युटरचा पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, हाताने टाकून पाहा.

ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याच्यावर कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत ‘ipconfig’ लिहून एंटर दाबलं की त्याचा पत्ता कळतो, समजा १९२.१६८.१.१२. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या फाइल एक्सप्लोररमध्ये, म्हणजे फोल्डर बघायच्या खिडकीत, वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि त्यापुढे हा पत्ता लिहून एंटर दाबा. फोल्डर उघडला तर बिघाड फक्त यादीत आहे. त्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देऊन टाका आणि राउटरमध्ये तो पत्ता कायमचा नेमून द्या. यादीकडे पुन्हा बघायची गरज पडणार नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेतलाय. तिथे आधी वायर किंवा वाय-फाय बघावं. एकाचा पत्ता १९२.१६८.०ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१ने सुरू होत असेल, तर घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक लागलेत आणि दोन्ही कॉम्प्युटर वेगळ्या नेटवर्कवर आहेत. ओळख पटवायच्या हाका राउटर ओलांडत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायचंही तेच. त्यावरच्या उपकरणांना इंटरनेट मिळतं, पण ती एकमेकांपर्यंत पोचू नयेत अशी सोय त्यात सहसा मुद्दाम केलेली असते.

पत्ते बरोबर आहेत आणि तरी उघडत नाही, तेव्हा चूक किती वेळाने येते ते बघा. पडद्यावरच्या आकड्यांच्या संदेशापेक्षा मला हीच खूण जास्त कामाची वाटते. फाइलींची ये-जा ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ हे बराच वेळ थांबून आलं, तर बहुतेक वेळा आपला संदेश फायरवॉलने उत्तर न देता गिळलेला असतो, किंवा त्या पत्त्यावर कुणी नसतंच. नाव-पासवर्ड विचारणारी चौकट आली, तर ती आनंदाची गोष्ट आहे. आपण दारापर्यंत पोचलोय, आता प्रश्न फक्त ओळखीचा उरलाय.

फायरवॉलने गिळलं असेल तरी ती बंद करू नका. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवतं आणि पब्लिकमध्ये शेअरिंगची दारं बंद ठेवतं. अनोळखी ठिकाणच्या वाय-फायसाठी ते योग्यच आहे. घरचं नेटवर्क प्रायव्हेट करून फाइल शेअरिंग चालू केलं की तेवढंच दार उघडतं, बाकीची फायरवॉल जागेवर राहते.

नाव-पासवर्डपाशी मात्र खूप लोक अडतात, आणि चूक त्यांची नसते. रोज सकाळी चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडणाऱ्याला तोच पासवर्ड वाटतो. तो इथे चालत नाही, कारण ओळख पटवायची रीत वेगळी आहे. समोरचा कॉम्प्युटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो. आपला कॉम्प्युटर ती संख्या आणि पासवर्डपासून बनवलेली किल्ली मिळून एक उत्तर तयार करतो आणि तेवढंच परत पाठवतो. समोरचा स्वतः तेच गणित करून दोन्ही उत्तरं ताडून बघतो. पासवर्ड तारेवरून कधी जातच नाही. या गणितात पिनला जागा नाही. पिन त्या एका मशीनमध्ये ठेवलेलं कुलूप उघडतो, बाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

आणखी दोन गोष्टी. विचारलेलं नाव आणि पासवर्ड फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा असतो, आपण बसलोय त्या कॉम्प्युटरवरच्या नाही. आणि पासवर्ड रिकामा असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. म्हणून मी फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवर फक्त शेअरिंगसाठी एक साधं लोकल, म्हणजे त्या कॉम्प्युटरपुरतं, खातं करतो, त्याला खरा पासवर्ड देतो आणि घरात सगळीकडे तोच वापरतो.

एवढं जमल्यावरही मागे एकदा मी चकलो. फोटोंचा फोल्डर लॅपटॉपवर उघडला, पण त्यातले काही फोटो उघडत आणि काहींवर ‘परवानगी नाही’ असं येई. तेच नेटवर्क, तेच खातं, तोच फोल्डर. पाऊण तास गेल्यावर लक्षात आलं की उघडणारे फोटो मी कॉपी करून आणले होते आणि न उघडणारे कट करून. शेअर फोल्डरवर दोन पहारे असतात, एक नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी आणि दुसरा डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा स्वतःचा. दोघांत जो कडक, त्याचं चालतं. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्याच डिस्कवर नुसती हलवलेली फाइल मात्र जुन्याच परवानग्या सोबत घेऊन येते, आणि माझे ते फोटो पूर्वी माझ्या खासगी फोल्डरमध्ये होते, जिथे शेअरिंगच्या खात्याला प्रवेश नव्हता. फोल्डरच्या सिक्युरिटीच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या परवानग्या आतल्या सगळ्या फाइलींना लावल्या. काही सेकंद हिरवी पट्टी सरकली आणि उरलेले फोटो लॅपटॉपवर उघडले.