फुगवटा खरा की खोटा: हार्ट अटॅकनंतरचे दोन अ‍ॅन्युरिझम

हार्ट अटॅकनंतर टूडी इकोत हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत कधी कधी बाहेर आलेली दिसते. हा खरा अ‍ॅन्युरिझम (फुगवटा) की स्यूडोअ‍ॅन्युरिझम (खोटा फुगवटा), हे लगेच ठरवावं लागतं, कारण दोन्हींचे उपचार पार वेगळे.

खऱ्या अ‍ॅन्युरिझममध्ये भिंत फाटलेली नसते. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो, तो पातळ भाग ताणून बाहेर येतो. स्यूडोअ‍ॅन्युरिझममध्ये मात्र भिंत फाटलेलीच असते. बाहेर पडलेलं रक्त चिकटलेल्या हृदयावरणाने आणि गुठळीने कसंबसं अडवून धरलेलं असतं. त्या पिशवीला हृदयाच्या स्नायूचा आधार नसतो.

इकोत आधी पिशवीचं तोंड मोजतात. समजा, पिशवीची सर्वाधिक रुंदी ६ सेंमी आणि तोंड २ सेंमी. गुणोत्तर आलं ०.३३. ते ०.५ पेक्षा कमी असेल तर संशय स्यूडोचा. खऱ्यात तोंड जवळपास पिशवीइतकंच रुंद, म्हणजे ०.९ ते १. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरमध्ये अरुंद तोंडातून रक्त आत-बाहेर करताना दिसतं. जागाही सुचवते: खरा बहुधा टोकाशी किंवा पुढच्या भिंतीत, स्यूडो जास्त करून खाली-मागे. पण रुंद तोंडाचे स्यूडो असतात आणि खालच्या भिंतीतले खरेही. गुठळी तर दोन्हींत सापडते. म्हणून नुसत्या मोजमापावर निकाल देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

शंका उरली तर एमआरआय. गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर काही मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत व्रण पांढरा उजळतो. खऱ्या अ‍ॅन्युरिझममध्ये ही उजळ पट्टी पिशवीच्या भिंतीभर सलग जाते. स्यूडोत स्नायू तोंडाशीच तुटतो आणि पुढे बहुधा हृदयावरण उजळलेलं दिसतं. हृदयावरण खऱ्यातही कधी कधी उजळतं, तेव्हा पाहायचं ते स्नायू कुठे संपतो हे. एमआरआय शक्य नसेल तर ईसीजीशी जुळवून काढलेला सीटीही हा तुटलेपणा दाखवतो.

खरा अ‍ॅन्युरिझम सहसा फुटत नाही. औषधं चालतात, आणि हार्ट फेल्युअर किंवा ठोक्यांची गडबड आटोक्यात येत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. स्यूडो मात्र कधीही फुटू शकतो, त्यामुळे रुग्णाला त्रास नसला तरी सहसा शस्त्रक्रियाच सुचवतात. पिशवी लहान व जुनी असेल आणि ऑपरेशनचाच धोका फार असेल, तरच लक्ष ठेवून थांबतात.