ई-रेसिडेन्सी की डिजिटल नोमॅड व्हिसा? एस्टोनियाला निघण्याआधी हा फरक समजून घ्या

घरी बसून परदेशी कंपन्यांचं काम करणारी पोरं कोल्हापुरात आता राजारामपुरीपासून कळंब्याच्या नव्या सोसायट्यांपर्यंत सगळीकडं आहेत. युरोपात जाऊन राहायचा विषय निघाला की एस्टोनियाचं नाव हमखास येतं आणि लगेच दोन गोष्टींची गल्लत होते. "काका, ई-रेसिडेन्सीचं कार्ड आलंय, आता तिकीट काढू न्हवं?" असं एकानं मला विचारलं. त्याला थांबवलं, कारण त्या कार्डावर एस्टोनियात पाऊलही टाकता येत नाही.

ई-रेसिडेन्सी म्हणजे एस्टोनियानं परदेशातल्या माणसाला दिलेली डिजिटल ओळख; ती डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाली. कार्ड हातात घेऊन बघा, त्यावर तुमचा फोटोच नसतो. आत चिप असते. कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला जोडायचं, एक पिन ओळख पटवायला, दुसरा पिन सही करायला. एवढ्यावर कोल्हापुरात बसून एस्टोनियात कंपनी नोंदवता येते, करार करता येतात, कंपनीचा कर भरता येतो. ही सही युरोपियन युनियनमध्ये हाताच्या सहीइतकीच ग्राह्य आहे. जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबेही ई-रेसिडेंट होते, म्हणून ते काही एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला राहायला गेले नाहीत. शाहूपुरीत गुळाची पेढी टाकली म्हणून तिथं राहायला घर मिळत नाही, तसंच हे. पेढी तिकडं, तुम्ही इकडंच.

डिजिटल नोमॅड व्हिसा, म्हणजे एस्टोनियात राहून बाहेरचं काम ऑनलाइन करायचा परवाना, ऑगस्ट 2020 मध्ये आला आणि तो कंपनीसाठी नाही, माणसासाठी आहे. परदेशी कंपनीत नोकरी, परदेशात स्वतःची कंपनी किंवा बहुतेक ग्राहक एस्टोनियाबाहेरचे, यातलं एक असलं की अर्ज करता येतो. एकदम वर्षापर्यंत राहता येतं. अट मात्र जड आहे: अर्जाआधीच्या सहा महिन्यांत महिन्याला किमान 4500 युरो मिळकत, म्हणजे चार लाख रुपयांच्या वर. शिवाय हा व्हिसा पुढं आपोआप कायमच्या वास्तव्यात बदलत नाही. ई-रेसिडेन्सीचं कार्ड असलं म्हणून व्हिसाच्या अर्जाला एक गुणही जास्त मिळत नाही आणि व्हिसासाठी ते कार्ड लागतही नाही.

खरा घोळ होतो तो कराचा, आणि तिथंच मला पोरांची काळजी वाटते. एस्टोनियात कंपनीच्या नफ्यावर तो वाटेपर्यंत कर लागत नाही, हे ऐकून बरेच जण हुरळतात. पण तुम्ही राहता कोल्हापुरात. त्या कंपनीकडून मिळालेला पगार, लाभांश भारतातल्या उत्पन्नात धरला जातो. रिटर्न भरताना परदेशी शेअर आणि बँक खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. ते लपवलं तर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. शेअरसाठी पैसे पाठवतानाही रिझर्व्ह बँकेचे परदेशी गुंतवणुकीचे नियम आहेत, ते बँकेतून रीतसरच करायचं.

व्हिसावर गेलात तर हिशेब दिवसांचा. समजा, कुणी सप्टेंबरअखेरपर्यंत इथंच थांबून ऑक्टोबरात निघालं. एप्रिल ते सप्टेंबर 183 दिवस होतात. भारतात आर्थिक वर्षात 182 दिवस राहिलात की त्या वर्षी तुम्ही इथले करदाते, जगभरच्या मिळकतीसकट. आणि एस्टोनियात सलग बारा महिन्यांत 183 दिवस भरले की तिथलेही करदाते. मग दोन्ही देशांतला दुहेरी कर टाळायचा करार कामी येतो, पण त्यासाठी कागदपत्रं लागतात, ती आधीपासून जपून ठेवा. निघायचा महिना सीएला विचारूनच ठरवा, असं मी ठामपणे सांगतो.

माझ्या मते, एकाच परदेशी कंपनीचं काम करणाऱ्या आणि कोल्हापुरातच राहणाऱ्या पोराला ई-रेसिडेन्सीची गरज नाही. कंपनी काढली की दरवर्षी अहवाल, हिशेबनिसाचा खर्च, सगळं मागं लागतं. युरोपातले ग्राहक बरेच असतील, बिलं युरोत करायची असतील, तरच तिकडं बघा.

आणि खरंच तिथं जाऊन राहायचं असेल, तर नोमॅड व्हिसाच्या अर्जाला बसण्याआधी मालकाकडून लेखी पत्र घ्या की हे काम दुसऱ्या देशातून करायला परवानगी आहे. "आमच्याकडं वर्क फ्रॉम होम चालतं" एवढं तोंडी आश्वासन वकिलातीत चालत नाही, आणि बऱ्याच कंपन्यांच्या करारात 'होम' म्हणजे भारतातलंच घर असतं.